आवाज फाटावा कसा: रॉक गिटार आणि जुने ट्यूब ॲम्प

प्रश्न फोंड्याच्या एका तरुण गिटारिस्टचा आहे. कॉलेजात शिकतो, मित्रांबरोबर रॉक वाजवतो. त्याचं म्हणणं असं: मोठे रॉक गिटारिस्ट अजूनही साठेक वर्षांपूर्वीच्या डिझाइनचे मार्शल, व्हॉक्स, फेंडर या कंपन्यांचे ट्यूब ॲम्प (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे ॲम्प्लिफायर) का धरून बसतात? माझ्या ट्रान्झिस्टर ॲम्पलाही गेनचं, म्हणजे आवाज फाडायचं, बटण आहे, मग फरक नेमका कुठे पडतो? आणि गोव्यात राहून असा ॲम्प घेण्यात अर्थ आहे का? मी म्हापशाला ॲम्प दुरुस्तीचं काम करतो आणि स्वतः वाजवतोही, तेव्हा दोन्ही बाजूंनी सांगतो.

आधी थेट उत्तर. लग्नाच्या मांडवात लावतात तो पी.ए.चा ॲम्प असो की घरातला हाय-फाय, त्याचं काम आलेला आवाज जसाच्या तसा मोठा करणं. रॉकवाल्याला ते नको असतं. तो ॲम्पला त्याच्या ताकदीपलीकडे रेटतो, आवाज फाटायला लागतो, आणि त्या फाटलेल्या आवाजावरच त्याचं सगळं वाजवणं उभं असतं. म्हणून त्याच्यासाठी प्रश्न एकच: हा ॲम्प फाटतो कसा? एकदम तुकडा पडल्यासारखा, की हाताच्या जोराप्रमाणे थोडा थोडा? जुन्या ट्यूब ॲम्पमधले काही मोजके ॲम्प या बाबतीत इतके चांगले निघाले की रॉकचा आवाज कसा असावा हेच त्यांनी ठरवलं. तुझ्या कानाला आज जो आवाज 'बरोबर' वाटतो, तो त्यांच्यामुळे.

आता ट्यूबच्या आत काय घडतं ते बघ. प्रीॲम्पमध्ये, म्हणजे सिग्नल पहिल्यांदा वाढवणाऱ्या पुढच्या भागात, बहुतेक वेळा १२एएक्स७ नावाची ट्यूब असते. इंग्लंडमध्ये तिलाच ईसीसी८३ म्हणतात. बोटाएवढ्या काचेच्या नळीत दोन स्वतंत्र विभाग असतात. हीटर कॅथोडला तापवतो, कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि काहीशे व्होल्टवर असलेल्या प्लेटकडे धावतात. वाटेत तारेची बारीक जाळी असते, ती ग्रिड. गिटारचा सिग्नल या ग्रिडवर येतो आणि मोठ्या प्रवाहाला आवरतो किंवा मोकळा सोडतो. सिग्नल लहान असेपर्यंत सगळं सरळ चालतं. तो वाढला की एका बाजूला ग्रिड स्वतःच करंट ओढायला लागते आणि लाटेचा माथा चेपला जातो. दुसऱ्या बाजूला प्रवाह आटत आटत बंद होतो. दोन्ही बाजूंचं चेपणं सारखं नसतं, आणि कडा गोल राहतात.

साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये काय होतं? त्यात बाहेरचा सिग्नल उलटा करून पुन्हा आत देण्याची व्यवस्था, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक, भरपूर असते. त्यामुळे तो मर्यादेपर्यंत अगदी स्वच्छ वाजतो, आणि मर्यादा आली की लाटेचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. मध्ये काही नाही. तुझ्या गेनच्या बटणाचा आवाज कोरडा आणि किरकिरा लागत असेल तर कारण बहुधा हेच.

लाट चेपली गेली की मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर तयार होतात. तू फोंड्याचा, मंगेशी-म्हार्दोळच्या मुलखातला, म्हणजे तंबोरा तुझ्या कानाला नवा नसणार. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावतात, आणि मग एका साध्या तारेतून स्वरांचा पूर उभा राहतो. ट्यूब ॲम्प गिटारच्या तारेला जवारी लावतो असं समज. मूळ स्वर सा धरला तर दुप्पट कंपनसंख्येवर तार सा, तिप्पटवर त्याच्या वरचा पंचम, पाचपटवर गंधार. प्रीॲम्पची एकेकटी ट्यूब वेडीवाकडी चेपते तेव्हा तार सा जास्त भरतो आणि आवाज जाड लागतो. पुढे पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या मोठ्या ट्यूब, जोडीने काम करतात. तिथे सम पटीचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि विषम पटीचे म्हणजे तो पंचम आणि गंधार पुढे येतात. आवाजाला धार चढते ती इथून. दोन्हीचं प्रमाण किती, यावर ॲम्पचा स्वभाव ठरतो.

याहून महत्त्वाची गोष्ट दोन स्वर एकत्र वाजवल्यावर होते, आणि ती कळली की रॉकचं अर्धं व्याकरण कळतं. फाटलेल्या ॲम्पमध्ये दोन स्वर शेजारी शेजारी राहत नाहीत. त्यांची बेरीज आणि वजाबाकीही आवाज बनून बाहेर येते. गिटारची मोकळी ए तार ११० हर्ट्झ. डी तारेवर दुसऱ्या पट्टीत बोट ठेवलंस तर साधारण १६५. हे झाले सा आणि पंचम. यांची वजाबाकी ५५, म्हणजे खालचा खर्जातला सा, जो तू वाजवलेलाच नाहीस. बेरीज २७५, म्हणजे ११० च्या अडीच पट: वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. दोन बोटांत खर्जही मिळाला आणि गंधारही. पॉवर कॉर्ड म्हणतात ती हीच, आणि ती एवढी भव्य वाटते त्याचं कारण एवढंच. याउलट पूर्ण मेजर कॉर्ड (सा, गंधार, पंचम) धरलीस तर गिटारच्या पट्ट्यांवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा थोडा चढा असतो. त्याच्या वजाबाक्या ५५ च्या अलीकडे-पलीकडे, ५२ आणि ५७ वर पडतात, आपसांत भांडतात आणि आवाजाचा चिखल होतो. भरपूर गेनवर वाजवणारे हा गंधार वगळतात तो आळसाने नव्हे. घरी करून बघ: आधी क्लीन, म्हणजे न फाटलेल्या, आवाजावर दोन्ही वाजव, मग गेन वाढवून. कानाला लगेच कळेल.

एवढ्यावर थांबलं तर मात्र अर्धीच गोष्ट होईल. बरेच जण ट्यूब म्हटलं की प्रीॲम्पच्या छोट्या बाटलीपाशी थांबतात. माझ्या मते जुन्या ॲम्पची खरी जादू त्याच्या मागच्या अर्ध्या भागात आहे: पॉवर ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, पॉवर सप्लाय आणि स्पीकर. ट्यूब जास्त व्होल्टेजवर थोडा करंट देते, आणि स्पीकरला हवा असतो कमी व्होल्टेजवर जास्त करंट. मध्ये लोखंडी पत्र्यांचा, तांब्याच्या तारेचा जड ट्रान्सफॉर्मर लागतो तो त्यासाठी. जोरात वाजवलं की हे लोखंडही चुंबकाने भरून येतं आणि खालचे स्वर जरा मऊ होतात. स्पीकरचा प्रतिकार कागदावर ८ किंवा १६ ओहम लिहिलेला असला तरी प्रत्यक्षात तो प्रत्येक स्वराला बदलतो. खाली एका ठिकाणी उसळतो आणि वर ट्रेबलकडे चढत जातो. ट्रान्झिस्टर ॲम्प स्पीकरला घट्ट धरून ठेवतो. ट्यूब ॲम्पची पकड सैल असते, म्हणून जिथे स्पीकर उसळतो तिथे आवाजही उसळतो. छातीवर येणारा तो ठोका आणि वरची चमक यातून येते.

पॉवर सप्लायचंही तसंच. काही जुन्या ॲम्पमध्ये एसीचं डीसी करायलाही ट्यूबच (रेक्टिफायर) असते, उदाहरणार्थ जीझेड३४. तू एकदम जोरात आघात केलास की ॲम्प करंट मागतो, ही ट्यूब तेवढा देऊ शकत नाही, आणि आतलं व्होल्टेज क्षणभर बसतं. आघात किंचित दबतो आणि मागून स्वर फुलून वर येतो. वाजवणाऱ्याला हे बोटांखाली जाणवतं. ऐकणाऱ्याला कळेलच असं नाही. गिटारिस्ट 'फील' म्हणतात त्याचा मोठा हिस्सा हा आहे. यात गूढ काहीच नाही, सिग्नलची लाट दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर स्पष्ट दिसतं.

स्पीकरबद्दल लोक फार कमी बोलतात. इंग्लंडच्या सेलेशन कंपनीचा ग्रीनबॅक हा बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही. ही उणीव रॉकच्या पथ्यावर पडली, कारण फाटलेल्या आवाजातली सगळ्यात टोचणारी किरकिर नेमकी त्याच्या वर असते. स्पीकर ती गाळून टाकतो. डिस्टॉर्शनच्या पेडलचा (आवाज फाडणाऱ्या, पायाने दाबायच्या डबीचा) आवाज थेट मिक्सरमध्ये घालून बघ, माशी घोंघावल्यासारखा येईल.

आता त्या मोजक्या ॲम्पकडे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. गिटार त्याला वाजवता येत नव्हती. त्याने बेस गिटारसाठी 'बासमन' नावाचा ॲम्प केला. १९५० च्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतल्या बासमनमध्ये दोन पॉवर ट्यूब आणि दहा इंची चार स्पीकर होते. बेससाठी तो जेमतेम, पण साध्या गिटारवाल्यांनी त्याला उचलून धरलं. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलचं वाद्यांचं दुकान होतं. तो मूळचा ड्रमर आणि ड्रमचा शिक्षक. त्याच्याकडे येणारे तरुण गिटारिस्ट म्हणत, अमेरिकेतून येणारा फेंडर फार महाग पडतो. मार्शल, त्याचा तंत्रज्ञ केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन हा तरुण, अशा मंडळींनी बासमनचं सर्किट समोर ठेवून इंग्लंडमध्ये मिळतील ते सुटे भाग लावून १९६२ मध्ये जेटीएम४५ उभा केला.

कागदावर दोन्ही सर्किट जवळजवळ सारखी आहेत. फरक आहेत ते छोटे, पण प्रत्येक फरक एकाच दिशेने ढकलतो. बासमनच्या पहिल्या जागी कमी गेनची १२एवाय७ होती. मार्शलमध्ये तिथे ईसीसी८३ आली, म्हणजे पुढचं सगळं लवकर फाटायला लागलं. ट्रान्सफॉर्मर इंग्लिश. लवकरच पॉवर ट्यूब केटी६६ आणि पुढे इएल३४. दहा इंची उघड्या पाठीच्या कॅबिनेटऐवजी बारा इंची चार स्पीकर बंद पेटीत, त्यामुळे आवाज पुढे फेकला गेला आणि खालून घट्ट झाला. मग 'द हू' या बँडच्या गिटारिस्ट पीट टाउनशेंडला आणखी मोठा आवाज हवा होता, म्हणून १९६५ च्या सुमारास १०० वॉटचा ॲम्प आला. पुढच्या पट्टीच्या प्लेक्सिग्लासवरून त्या काळातल्या मार्शलना 'प्लेक्सी' नाव पडलं. १०० वॉटच्या सुपर लीडमध्ये रेक्टिफायर ट्यूब नाही, सिलिकॉनचे डायोड आहेत. म्हणून त्याचं व्होल्टेज बसत नाही, तो आघाताला ताबडतोब उत्तर देतो. जिमी हेंड्रिक्सने गिटारचा फीडबॅक वाद्यासारखा वापरला तो या ॲम्पसमोर उभं राहून. स्पीकरची हवा तारेला पुन्हा हलवते, तार पुन्हा ॲम्पला, आणि स्वर धरून ठेवता येतो. त्याला तेवढी हवा हलवणारा ॲम्पच लागतो.

व्हॉक्स एसी३० वेगळ्या घराण्याचा. टॉम जेनिंग्जची केंट परगण्यातल्या डार्टफर्डची कंपनी, डिझाइन डिक डेनीचं. यात छोट्या इएल८४ ट्यूब चार, आणि पॉवर विभागात निगेटिव्ह फीडबॅक नाही. म्हणून क्लीन कुठे संपलं आणि फाटणं कुठे सुरू झालं ते बोट दाखवून सांगता येत नाही. बीटल्सनी तो स्वच्छ वाजवला, 'क्वीन'च्या ब्रायन मेने त्याच ॲम्पला पुढून ट्रेबल बूस्टर (वरचे स्वर वाढवणारी डबी) लावून पूर्ण उघडला. एकाच पेटीतले दोन आवाज किती लांबचे आहेत ते ऐकून ठरव.

फेंडरचे १९६० च्या दशकातले काळ्या तोंडाचे ॲम्प क्लीन आवाजासाठी. मधले स्वर थोडे दबलेले, वर चकाकी. २२ वॉटचा डिलक्स रिव्हर्ब अर्ध्याच्या पुढे नेला की सुरेख फाटतो. ट्विन रिव्हर्ब ८५ वॉटचा. तो फाटेपर्यंत प्रेक्षक उठून गेलेले असतात, म्हणून त्याच्यापुढे पेडल लावतात. मेसा बूगी, हायवॉट, पुढे १९८० च्या दशकातला मार्शल जेसीएम८०० यांच्यावर बोलायचं तर दुसरा लेख होईल. एवढंच सांगतो की मास्टर व्हॉल्यूम (प्रीॲम्पच्या पुढे एकूण आवाज आवरणारं बटण) आला तेव्हापासून फाटण्याचं काम प्रीॲम्पकडे सरकलं, आणि मेटल संगीताचा घट्ट आवाज त्यातून निघाला.

ट्रान्झिस्टर वाईट, असं मी कधीच म्हणणार नाही. रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ पासूनचा ट्रान्झिस्टर ॲम्प आहे आणि क्लीन आवाजात मी त्याला कुठल्याही ट्यूबच्या बरोबरीने उभा करीन. आजचे डिजिटल मॉडेलर, म्हणजे ॲम्पची संगणकी नक्कल करणारी यंत्रंही उत्तम झालीत. पण त्यांचा मेनू उघडून बघ: पहिल्या पानावर कोणाची नक्कल असते? प्लेक्सी, एसी३०, डिलक्स रिव्हर्ब, बासमन. नक्कल करायला मूळ तेच लागतं.

दुकानात ट्यूब ॲम्प बघायला गेलास तर एकच परीक्षा घे. ॲम्प फाटायला लागेल इतका उघड, गिटारचं व्हॉल्यूम पूर्ण ठेव आणि जोरात वाजव. मग ॲम्पला हात न लावता गिटारचं व्हॉल्यूम चार-पाचवर आण आणि बोटांनी हलकं वाजव. चांगला ॲम्प जवळजवळ क्लीन होतो, आणि धार तरीही जात नाही. पुन्हा प्लेक्ट्रमने जोर दिलास की पुन्हा गुरगुरतो. गाण्याच्या मध्यात पेडल न दाबता साथीपासून सोलोपर्यंत जाता येतं ते यामुळे. साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर हेच केलंस तर आवाज लहान होतो, पण घाण तशीच राहते.

आता गोव्याचं. तुला १०० वॉट नको. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे १०० वॉटचा ॲम्प १० वॉटच्या दुप्पटच मोठा. कळंगुट-बागाच्या शॅकमध्ये किंवा पणजीच्या छोट्या पबमध्ये १५ ते २० वॉटचा ट्यूब ॲम्प ड्रमच्या बरोबरीने ऐकू येतो, मोठ्या जागी त्याच्यासमोर माइक लावायचा. रात्री दहानंतर उघड्यावर आवाजाला कायद्याने बंदी आहे, आणि त्याआधीही शेजारी असतातच. मोठा ॲम्प दोनवर ठेवून वाजवलास तर पॉवर ट्यूब झोपलेल्याच राहतील, आणि वर सांगितलेली निम्मी गंमत तुझ्या वाट्याला येणारच नाही. इएल८४ च्या जोडीचा छोटा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घे. त्याला चांगला बारा इंची स्पीकर हवाच. पैसे वाचवायचे तर इतर कुठे वाचव.

इथली हवा ट्यूबपेक्षा बाकीच्या भागांना जास्त त्रास देते. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी आहे, तिला दमटपणाचं काही नाही. पण समुद्राकाठच्या घरातून आलेला ॲम्प मी उघडतो तेव्हा सॉकेटच्या पकडीवर हिरवट थर असतो, पॉटमध्ये (फिरवायच्या बटणामागच्या भागात) खरखर, जॅकची पत्ती काळवंडलेली. ग्राहक ट्यूब गेली म्हणून येतो आणि ट्यूब ठणठणीत असते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदोनदा ॲम्प अर्धा तास चालू ठेव. त्याची स्वतःची ऊब आतला ओलावा घालवते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नकोस, कापडी आवरण घाल आणि भिंतीपासून लांब ठेव. आवाज मधूनच खडखडला तर ॲम्प चालू असताना लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने प्रीॲम्पच्या ट्यूबला हलकी टिचकी मार. जिच्यावर टिचकी मारल्यावर स्पीकरमधून घंटी वाजते किंवा खडखडतं, तिच्यावर किंवा तिच्या सॉकेटवर संशय धर. याच्या पुढे मात्र चेसिस, म्हणजे आतली धातूची पेटी, उघडू नकोस. आतल्या कॅपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर साठलेलं असतं आणि प्लग काढल्यावरही राहतं. आणि ट्यूब ॲम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीही वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तोच सगळ्यात महाग भाग.

अमेरिकेहून कोणी ॲम्प आणून देत असेल तर मागची पट्टी वाच. तिथे १२० व्होल्ट, जपानमध्ये १००, आपल्याकडे २३०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही ॲम्पच्या गरजेपेक्षा मोठा. शिवाय फक्त ६० हर्ट्झसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. जुन्या इंग्लिश ॲम्पला मागे व्होल्टेज निवडायचं बटण असतं, ते बघितल्याशिवाय प्लग लावू नकोस.

शेवटची गोष्ट अर्थिंगची, आणि ती मी प्रत्येक पोराला सांगतो. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या चेसिसला जोडलेल्या असतात. माइकची जाळी पी.ए.च्या चेसिसला. जुन्या घरांत, जनरेटरवर, किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या वायरिंगमध्ये दोन्हीपैकी एकाचं अर्थिंग तुटलेलं असेल तर हातात तारा आणि ओठ माइकला लागताच करंट तुझ्या अंगातून जातो. ओली वाळू, घामेजलेले हात, अनवाणी पाय असतील तर जीव जाऊ शकतो. म्हणून गिटारच्या पिशवीत स्वस्तातला मल्टिमीटर ठेव. सगळं चालू केल्यावर, गिटार गळ्यात अडकवण्याआधी, एसी व्होल्टवर लावून एक टोक माइकच्या जाळीला आणि एक टोक गिटारच्या तारेला लाव, बोटं धातूला लागू न देता. काटा शून्याजवळ असेल तर वाजव. दहा-वीस व्होल्ट जरी दिसले तरी आयोजकाला बोलाव, ॲम्प आणि पी.ए. एकाच बोर्डावर घ्यायला लाव, आणि पुन्हा मोज. प्लगची तिसरी पिन तोडलेला ॲम्प कितीही स्वस्तात मिळाला तरी ती पिन नीट जोडून घेतल्याशिवाय वाजवू नकोस.